आणेवारी

कोणत्याही पूर्ण वस्तूचे सोळा समान भाग कल्पून तिचा हिस्सा, प्रत किंवा उत्पन्न त्या भागांत सांगण्याची पद्धती. पूर्ण वस्तू म्हणजे एक रुपया व तिचा सोळावा भाग म्हणजे एक आणा, असे मानण्यात येत असल्याने तिला आणेवारी हे नाव मिळाले. चलनासाठी रूढ झालेले हे प्रमाण कालांतराने जमीनमोजणी, मातीची प्रतवारी, पिकांचा अंदाज, भागीदारी, वारसांचे हिस्से आणि बोलीभाषा अशा परस्परांशी थेट संबंध नसलेल्या क्षेत्रांत पसरले. १ एप्रिल १९५७ रोजी भारतात दशमान नाणेपद्धती सुरू झाली आणि आणा हे नाणे व्यवहारातून क्रमाने नाहीसे झाले. तथापि पिकांच्या बाबतीत ही पद्धती ‘पैसेवारी’ या नावाने टिकून आहे. महाराष्ट्रातील, विशेषतः बुलढाण्यासारख्या कोरडवाहू जिल्ह्यातील, शेतकऱ्याच्या दृष्टीने हा केवळ शब्दांचा इतिहास नाही. त्याच्या गावाचे पीक पन्नास पैशांच्या खाली की वर, यावर त्याला मिळणाऱ्या अनेक सवलती अवलंबून असत.

प्रमाणाचे स्वरूप : सोळा ही संख्या निम्मे करीत जाण्याच्या क्रियेतून येते. तराजूची दोन पारडी, दुमडलेली दोरी किंवा धान्याची रास यांचे गणित न करताही दोन समान भाग करता येतात. ही क्रिया चार वेळा केली, की सोळावा भाग हाती येतो. दहाच्या प्रमाणात पाचवा वा दहावा भाग पाडण्यासाठी मोजमाप करावे लागते. अर्धा, पाव, अर्धपाव व छटाक हे भाग मात्र डोळ्यांनी व हातांनी पाडता येतात. रुपयाच्या भागांची नावेही याच क्रमाने आली आहेत. आठ आणे म्हणजे अधेली, चार आणे म्हणजे पावली व दोन आणे म्हणजे चवली. एका आण्याचे चार पैसे व एका पैशाच्या तीन पै असल्याने रुपयाचे ६४ पैसे किंवा १९२ पै होत.

या प्रमाणाला अनुरूप अशी लेखनपद्धतीही मराठीत होती. मोडी हिशेबात पावाचे भाग उभ्या रेघांनी आणि सोळाव्या हिश्श्याचे भाग आडव्या वा तिरप्या रेघांनी दाखवीत. ही चिन्हे केवळ पैशांसाठी राखलेली नव्हती. वजने व मापे यांचे अपूर्णांकही त्यांनीच लिहीत. पंतोजींच्या शाळेत मुले पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी व औटकी तोंडपाठ करीत, ती अपूर्णांकांच्या याच व्यवहारासाठी. नाणे, चिन्ह व पाढा ही तिन्ही एकाच प्रमाणावर उभी असल्यामुळे ज्याला रुपयाचा हिशेब येत असे, त्याला इतर कोणत्याही वस्तूचा हिस्सा त्याच भाषेत सांगता येई.

ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात या प्रमाणाला कायद्याचे पाठबळ मिळाले. १८३३ मध्ये १८० ग्रेन वजनाचा तोळा आणि त्यावर आधारलेले ८० तोळ्यांचा शेर व ४० शेरांचा मण हे प्रमाण बंगाल इलाख्यात ठरविण्यात आले. १८३५ च्या कायद्याने कंपनीच्या सर्व प्रदेशांसाठी १८० ग्रेनचाच एकसारखा रुपया सुरू झाला. त्यामुळे रुपयाचे नाणे हेच एक तोळ्याचे वजनही ठरले. परंतु वजनमापांचे एकीकरण मात्र नाण्याइतके सहज झाले नाही. देशावर साधारणतः चार शेरांची पायली, सोळा पायल्यांचा मण व वीस मणांची खंडी असे धान्याचे कोष्टक होते. मुंबईच्या कापूस बाजारातील खंडी मात्र ७८४ पौंडांची होती. खंडी, मण व शेर ही परिमाणे गावोगाव व मालागणिक बदलत. आणा मात्र कोठेही एकाचा सोळावा भागच राहिला. त्याच्या प्रसाराचे हे एक प्रमुख कारण होय.

जमीनमोजणी व प्रतवारी : मुंबई इलाख्यात एच्. ई. गोल्डस्मिड व जॉर्ज विंगेट यांनी १८३५ पासून इंदापूर तालुक्यात जी मोजणी व जमाबंदी केली, तीतून रयतवारी पद्धतीचे नियम आकारास आले. १८४७ च्या संयुक्त अहवालात ते एकत्रित करण्यात आले. या मोजणीत ३३ फूट (सु. १०.०६ मी.) लांबीची साखळी वापरीत. तिचे सोळा समान भाग असून त्यांना आणे असेच म्हणत. साखळीच्या लांबीच्या चौरसाचे क्षेत्रफळ म्हणजे एक गुंठा (१,०८९ चौ. फूट), ४० गुंठ्यांचा एक एकर. गुंठ्याचा सोळावा भाग तोही आणाच. अशा रीतीने इंग्लंडमधून आलेला एकर आणि देशी हिशेबातील आणा यांची सांगड एका साखळीने घातली.

मातीच्या प्रतवारीतही हेच प्रमाण योजिले गेले. उत्तम जमीन सोळा आणे मानून तिच्या खालच्या प्रतींचे सापेक्ष मूल्य १४, १२, १०, ८, ६, ४½, ३ व २ आणे असे ठरविण्यात आले. प्रत ठरविताना प्रथम मातीची जात व खोली पाहत. १¾ हात (सु. ८० सेंमी.) खोल, एकसारख्या पोताची काळी माती पहिल्या प्रतीत मोडे, खोली पाव हाताने कमी झाली, की प्रत एका पायरीने उतरे. यानंतर जमिनीतील खोट विचारात घेत. चुनखडीचे मिश्रण, वाळूचे प्रमाण, उतार, मातीतील चिकटपणाचा अभाव, पाणी न मुरणे, पुराच्या पाण्याने धूप होणे व पृष्ठभागी पाझर असणे या दोषांपैकी प्रत्येक दोषामागे प्रत आणखी खाली येई. शेताचे भाग पाडून प्रत्येक भागाची प्रत नकाशावर नोंदीत व त्यांच्या सरासरीवरून शेताचे आणे निघत.

या पद्धतीची सोय आकारणीच्या वेळी दिसून येई. एखाद्या गावाचा कमाल दर एकरी दोन रुपये असेल, तर सोळा आणे जमिनीस दोन रुपये, आठ आणे जमिनीस एक रुपया व दोन आणे जमिनीस चार आणे आकार बसे. मातीची प्रत आणि सरकारी देणे ही दोन्ही एकाच भाषेत मांडल्यामुळे कारकुनाला वेगळे कोष्टक लागत नसे आणि शेतकऱ्यालाही आपल्या शेताचा आकार पडताळून पाहता येई. [⟶ जमीन महसूल].

वऱ्हाड प्रांत १८५३ मध्ये निजामाकडून ब्रिटिशांच्या कारभाराखाली आला आणि १८६१ च्या सुमारास तेथे मुंबईच्या धर्तीवर मोजणी सुरू झाली. वऱ्हाड तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हता. तरीही तेथे शेजारच्या मध्य प्रांतातील मालगुजारी पद्धती न आणता मुंबईची रयतवारी, साखळी व प्रतवारी आणण्यात आली. हे प्रमाण त्यासाठी तयार झालेल्या माणसांसह, म्हणजे मोजणीदार, प्रतबंदी करणारे कारकून व त्यांचे छापील नमुने यांसह, दुसऱ्या प्रांतात नेता आले. १८९६ चा वऱ्हाडचा जमीन महसूल कायदाही मुंबईच्या कायद्याच्या धर्तीवरच झाला.

बुलढाणा जिल्ह्यात या प्रतवारीचे गुण व मर्यादा दोन्ही स्पष्ट दिसतात. जिल्ह्याचे ‘घाटाखालचा’ व ‘घाटावरचा’ असे दोन भाग लोकव्यवहारात सर्रास केले जातात. घाटाखाली पूर्णा नदीच्या खोऱ्यात मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद व संग्रामपूर या भागांत खोल काळी माती आहे. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा व देऊळगाव राजा या तालुक्यांत चढउताराची व अनेक ठिकाणी हलकी जमीन आहे. मातीची खोली व पोत पाहणाऱ्या मापाने हा भेद नीट टिपला जातो. मात्र पूर्णेच्या खोऱ्यातील एक पट्टा ‘खारपाण पट्टा’ म्हणून ओळखला जातो. तेथील भूजल खारे असल्याने विहिरीचे पाणी पिण्यास वा ओलितास फारसे उपयोगी पडत नाही. जमीन वरून काळी व खोल, पण पावसाने ओढ दिली तर हाताशी पाणी नाही, ही स्थिती मातीच्या आण्यांत उमटत नाही. मापात ज्या गुणासाठी रकाना नाही, तो गुण नोंदीतून वगळला जातो, ही सर्वच प्रमाणांची मर्यादा होय.

हिस्से व बोलीभाषा : वतने, सामाईक जमिनी, दुकानदारीतील भागीदारी व मध्य प्रांतातील मालगुजारी गावे यांतील हिस्से आण्यांत लिहिण्याची प्रथा होती. चार आणे भागी याचा अर्थ चतुर्थांश भागी. त्यात प्रत्यक्ष चार आण्यांचा संबंध नसे. वाटपाच्या कागदांत सहहिस्सेदारांचे हक्क दाखविण्यासही आणेवारी हा शब्द रूढ झाला. बोलीत ‘सोळा आणे खरे’ म्हणजे पूर्णतः खरे. ‘चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला’ या म्हणीतील दोन रकमांची बेरीज नेमकी एक रुपया होते. दशमान पद्धतीत वाढलेल्या पिढीच्या हे सहसा लक्षात येत नाही.

पिकांची आणेवारी : पीक किती आले हे आण्यांत सांगण्याची रीत या सर्व उपयोगांत अधिक महत्त्वाची ठरली. तलाठी व पाटील यांनी उभे पीक पाहून ‘यंदा दहा आणे ज्वारी, सहा आणे कापूस’ असा अंदाज द्यावयाचा आणि त्यावरून वरिष्ठांनी महसुलाची वसुली, तहकुबी वा सूट ठरवावयाची, अशी पद्धत होती. येथे मात्र आण्याचे स्वरूप मुळातच बदलले. नाण्याच्या बाबतीत सोळा आणे ही निश्चित वस्तू होती. मातीच्या बाबतीत ती प्रत्यक्ष पाहता येणारी उत्तम जमीन होती. पिकाच्या बाबतीत सोळा आणे म्हणजे नेमके किती, हे सांगणारी वस्तू कोठेच नव्हती. काही प्रांतांत सरासरी पीक सोळा आणे धरीत, तर काही प्रांतांत ते बारा आणे धरून सोळा आणे हा आकडा भरघोस पिकासाठी राखून ठेवीत. त्यामुळे दोन ठिकाणांहून आलेला ‘बारा आणे’ हा अहवाल शब्दाने एकच, पण अर्थाने भिन्न असे.

या संदिग्धतेचे परिणाम १९१८ च्या खेडा सत्याग्रहात उघड झाले. पीक चार आणे किंवा त्याहून कमी असल्यास त्या वर्षाची वसुली तहकूब करावी असा नियम होता. गुजरातेतील खेडा जिल्ह्यात पीक चार आण्यांहून कमी आहे असे शेतकऱ्यांचे म्हणणे होते, तर ते त्याहून अधिक आहे असे अधिकाऱ्यांचे मत होते. महात्मा गांधी व वल्लभभाई पटेल यांच्या नेतृत्वाखालील हा लढा वरकरणी एका आकड्याविषयीचा होता. तो आकडा कोणी व कशाच्या आधारे ठरवावा, हा त्यातील खरा प्रश्न होता. वसुली करणारे खातेच पिकाचा अंदाजही करीत असल्याने त्या अंदाजाची तटस्थता सिद्ध करण्याचे कोणतेही साधन तेव्हा उपलब्ध नव्हते.

पीक कापणी प्रयोग : नजर अंदाजाच्या जागी प्रत्यक्ष मोजणी आणण्याचे श्रेय संख्याशास्त्राकडे जाते. जे. ए. हबॅक यांनी १९२०–३० या दशकात बिहार व ओरिसात यादृच्छिक रीतीने निवडलेल्या जागी भाताची कापणी करून उत्पन्नाचा अंदाज घेतला. प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी बंगालमध्ये तागाच्या पाहण्या केल्या. १९४०–५० या दशकाच्या आरंभी व्ही. जी. पानसे यांनी बुलढाण्यालगतच्या अकोला जिल्ह्यात कापसाच्या उत्पन्नाची नमुना पाहणी केली, तर पां. वा. सुखात्मे यांनी भारतीय कृषी संशोधन परिषदेत गहू व भात यांच्या पाहण्यांची पद्धती सिद्ध केली. नमुन्याचा तुकडा फार लहान घेतल्यास सीमेवरची रोपे आत धरली जाऊन उत्पन्न फुगते, हे सुखात्मे यांनी दाखवून दिले. त्यांच्या पाहण्यांत ३३ फूट × १६½ फूट, म्हणजे अर्ध्या गुंठ्याचा तुकडा घेतला जाई. जमीनमोजणीच्या साखळीची लांबी अशा रीतीने संख्याशास्त्रातही आली.

दशमान पद्धतीनंतर हा तुकडा सामान्यतः १० मी. × १० मी. असा झाला. त्यातील उत्पन्नाच्या किलोग्रॅमला शंभराने गुणले, की हेक्टरी उत्पन्न मिळते. हे क्षेत्र एक आर असून ते जुन्या गुंठ्याच्या अगदी जवळचे आहे. यामुळे अभिलेखात हेक्टर व आर आले, तरी शेतकऱ्याच्या बोलण्यातील एकर व गुंठा गेले नाहीत. कापसाच्या व्यापारातही असेच घडले. गाठीचे वजन ३९२ पौंडांवरून बदलत १७० किग्रॅ. झाले, पण रुईचा भाव अजूनही खंडीला, म्हणजे सु. ३५६ किग्रॅ. ला सांगतात.

पैसेवारी : महाराष्ट्रात सोळा आण्यांऐवजी शंभर पैसे हे प्रमाण आले आणि आणेवारीची पैसेवारी झाली. मंडल अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखालील ग्रामसमिती कापणी प्रयोग घेते. मिळालेले उत्पन्न व त्या पिकाचे ठरविलेले प्रमाण उत्पन्न यांचे गुणोत्तर म्हणजे पैसेवारी होय. समजा, एखाद्या पिकाचे प्रमाण उत्पन्न हेक्टरी १२ क्विंटल आहे व प्रयोगात हेक्टरी ५.४ क्विंटल उत्पन्न आढळले, तर त्याची पैसेवारी ४५ पैसे येते. प्रमुख पिकांची पैसेवारी एकत्रित करून गावाची पैसेवारी काढतात. विदर्भात खरीप हंगामासाठी ती नजर अंदाज, सुधारित व अंतिम अशा तीन टप्प्यांत जाहीर होते. अंतिम पैसेवारी ३१ डिसेंबरला निघते. ती ५० पैशांहून कमी असलेल्या गावांत टंचाईसदृश स्थिती मानून जमीन महसुलात सूट, कर्जवसुलीस स्थगिती व कर्जाचे पुनर्गठन, कृषिपंपांच्या वीजबिलात सवलत आणि विद्यार्थ्यांच्या परीक्षा शुल्काची माफी यांसारख्या सवलती दिल्या जात असत.

पैसेवारीच्या गणितात अंशाइतकाच छेदही महत्त्वाचा असतो. प्रमाण उत्पन्न कमी धरले, तर तेवढ्याच पिकाची पैसेवारी वाढते. ज्या प्रदेशात अवर्षण वारंवार येते, तेथील सरासरी मुळातच खालावलेली असते. तिलाच प्रमाण मानल्यास नेहमीची तूट ही स्वाभाविक स्थिती ठरते आणि पीक बुडूनही गाव पन्नास पैशांच्या वर राहू शकते. शिवाय पैसेवारी गावाची असते, शेताची नव्हे. घाटावरच्या एकाच गावात नाल्याकाठची भारी जमीन व माळावरची बरड जमीन असते. त्यांच्या सरासरीत बरड जमिनीचे नुकसान झाकले जाते.

नवे निकष : कापणी प्रयोगांची पद्धती महसुलापुरती मर्यादित राहिली नाही. १९९९-२००० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कृषी विमा योजनेत आणि २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत नुकसानभरपाई ठरविण्यासाठी तिचा उपयोग करण्यात आला. मात्र विम्यातील उंबरठा उत्पन्न निराळ्या रीतीने काढतात व ते महाराष्ट्रात प्रमुख पिकांसाठी महसूल मंडळाच्या स्तरावर लागू होते. त्यामुळे पैसेवारी पन्नासच्या आत असलेल्या गावाला विम्याची भरपाई मिळेलच असे नाही. दोन्ही ठिकाणी कापणीचे साधन एक, परंतु प्रमाण व घटक वेगळे, हा भेद लक्षात न आल्याने गावोगाव गैरसमज होतात.

केंद्र शासनाच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेने दुष्काळ घोषित करण्यासाठी पर्जन्यमानातील तूट, पावसातील खंड, उपग्रहाधारित वनस्पती निर्देशांक, मृदेतील ओलावा, पेरणीचे क्षेत्र व जलसाठ्यांची स्थिती हे निकष पुढे आणले. महाराष्ट्र शासनाने २०१७ मध्ये त्यांना अनुसरून कार्यपद्धती ठरविली. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी या निकषांनुसार राज्यातील ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. त्यांत बुलढाणा जिल्ह्यातील बुलढाणा व लोणार या तालुक्यांचा समावेश होता. येथे घटक तालुका हा आहे. निर्णय लवकर होतो आणि नजर अंदाजाला वाव कमी राहतो, हे या पद्धतीचे गुण होत. उपग्रहाला हिरवे दिसणारे पीक दाणे भरलेले असेलच असे नाही, आणि तालुक्याच्या सरासरीत गाव हरवते, हे तिचे दोष होत. [⟶ दुष्काळ].

मूल्यमापन : एखादे प्रमाण अनेक क्षेत्रांत रूढ होण्यासाठी ते सर्वांत अचूक असावे लागत नाही. ते आधीच लोकांच्या हाताशी असणे, लिहिण्या-बोलण्यास सोपे असणे, एका क्षेत्रातील मूल्य दुसऱ्यात सहज रूपांतरित होणे आणि शासनाच्या नोंदींनी त्याला मान्यता दिलेली असणे, या चार गोष्टी आणेवारीच्या प्रसारास कारणीभूत झाल्या. परंतु प्रमाण एका क्षेत्रातून दुसऱ्यात जाते तेव्हा त्याचे नाव व आकडे तेवढे जातात. ज्या वस्तूशी ताडून ते मुळात ठरले होते, ती वस्तू बरोबर जात नाही. नव्या क्षेत्रात ‘पूर्ण’ कशाला म्हणावयाचे, हे पुन्हा ठरवावे लागते. पिकांच्या आणेवारीत हा निर्णय दीर्घकाळ अधिकाऱ्यांच्या नजरेवर राहिला, पुढे तो प्रयोगांवर आणि आता काही अंशी उपग्रहांच्या निरीक्षणांवर आधारलेला आहे. गावाचे प्रमाण उत्पन्न कोणत्या वर्षांवरून काढले, कापणीच्या जागा कशा निवडल्या आणि वजन कोणासमक्ष झाले, ही माहिती ग्रामसभेपुढे खुली असणे म्हणूनच आवश्यक ठरते.